जगदाळे काका आणि क्लबाचा मजला

जगदाळे काका इमारतीकडे आधी बघतच नसत. साइटवर पोचले की वहाणा काढायच्या, खांबाशेजारी खड्डा खणवायचा आणि सत्तरीच्या वयात स्वतः आत उतरायचं. "कागदावर काय रे, ताजमहालही उभा राहतो. आधी मातीला विचार!" मध्य प्रदेशातल्या देवासमधले हे जुने स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि मी पंधरा वर्षं त्यांचा असिस्टंट.

काकू गेलेल्या, मुलगी कॅनडात. दिवसभर ठेकेदारांशी हिंदी. गावात मराठी फक्त माझ्याशी, तीही जुन्या वळणाची, "मातोश्रींची प्रकृती कशी आहे?" अशी. "तू आहेस म्हणून जीभ चालते बाबा," म्हणायचे. माझ्या मुलांना मराठी धड वाचता येत नाही, त्यामुळे मलाही ते बोलणं हवंसं वाटे.

मग गावाबाहेरच्या गोल्फ क्लबाला जुन्या क्लबहाउसवर मोठा हॉल हवा झाला. खड्डा खणला तर खांबाचा पाया तीन फुटांवरच संपलेला, तोही काळ्या मातीत. काका आतूनच ओरडले, "ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. हिच्यावर मजला? बाहेरून नवे खांब घ्या, मुरुमापर्यंत खाली न्या. नाहीतर माझी सही नाही!"

सेक्रेटरी म्हणाले, "सर, सामने खंभे? मेंबर गोल्फ का मैदान कैसे देखेंगे?" काका हात झटकून निघून गेले.

मी नुकतीच माझ्या नावाची पाटी लावली होती. सेक्रेटरींनी मला गाठलं आणि नव्या खांबांशिवायच्या नकाशावर मी सही केली. अक्कल गहाण टाकली, दुसरं काय!

खाली मान घालून काकांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं. "आइए, बैठिए."

मला कळेचना. "काका, रागवा हो माझ्यावर. दोन थोबाडीत द्या."

"नहीं भिया, आप बड़े इंजीनियर हैं." चहा मात्र स्वतः करून दिला.

त्यानंतर मी कितीही मराठीत बोललो तरी उत्तर हिंदीतच आणि 'आप' लावून. जन्मलो त्या गावात मी परका झालो.

मजला झाला. दोन पावसाळे गेले, भिंतीला साधी चीर नाही. पण हॉलमध्ये लग्नाची गर्दी नाचताना पाहिली आणि मी ताट ठेवून खाली खांबापाशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी क्लबाला लेखी दिलं, माझी सही चुकीची होती, हॉल बंद करा. हॉल बंद झाला, आणि गावातली माझी कामंही. काकांना जाऊन सांगितलं. ते अंथरुणाला खिळले होते.

"अच्छा किया आपने," एवढंच म्हणाले.

आठवड्यानं गेले. मुलीला पोचणं शक्य नव्हतं. फोनवर रडत म्हणाली, "दादा, अग्नी तुम्हीच द्या. बाबा रोज तुमच्याबद्दलच बोलायचे."

काय बोलायचे, ते मी विचारलं नाही. मला आपुलकीनं 'तो' म्हणायचे की परक्यासारखं 'ते', एवढंच विचारायचं होतं. धीर झाला नाही.