नऊ वेळा दाबलेलं बटण

नासीर मिस्त्रीच्या हातून सुटलेली वस्तू चाललीच पाहिजे, असा दोंडाईच्यात त्याचा लौकिक. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. बाप रेडिओ दुरुस्त करायचा आणि बजावायचा, ‘गिऱ्हाइकाला देण्याआधी आपल्याकडं चालवून बघ.’ नासीरनं हा नियम जन्मभर पाळला आणि त्या नियमानंच त्याचा घात केला.

त्याच्या घराला भिंत लागून असलेल्या सुमनअक्कांना लकवा झाला, वाचा गेली. त्या मागच्या खोलीत पडून. त्यांचे यजमान रतिलालनाना पुढच्या ओट्यावर. हाक मारणार कशी? नासीरनं ब्लूटूथचं एक बोर्ड मागवलं, काडेपेटीएवढं, इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी पोरं वापरतात तसलं. व्हिडिओ बघत त्यात प्रोग्रॅम चढवला आणि जुन्या बेलचं बटण जोडलं. अक्कांनी बटण दाबलं की नानांचा फोन वाजायचा. गल्लीत कौतुक झालं, नासीरही जरा फुगला.

पण त्या बोर्डाला एका वेळी एकच फोन जोडला जायचा. नासीरला हे पक्कं ठाऊक होतं. नियमाप्रमाणं त्यानं आधी आपल्या फोनला जोडून बघितलं होतं. ती जोडणी पुसायची तेवढी राहिली.

शुक्रवारी दुपारी नाना गिरणीवर दळण आणायला गेले. फोन त्यांच्या खिशात, तो लांब गेल्यानं जोडणी तुटली. इकडं नासीर जुम्याच्या नमाजहून घरी आला, जेवून भिंतीलगत आडवा झाला. भिंतीपलीकडच्या बोर्डानं त्याचा फोन धरला. नाना परतले तेव्हा त्यांच्या फोनला जागाच उरली नव्हती. आणि नासीरच्या फोनचा आवाज नमाजपासून बंद.

अक्कांना पाणी हवं होतं. शेवटी त्या एकट्याच उठल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

आरडाओरड्यानं नासीर जागा झाला. फोनवर बटण दाबल्याच्या नऊ नोंदी. त्यानं गाडी बोलावली, अक्कांना उचललं, धुळ्याच्या दवाखान्यात रात्रंदिवस राबला. सगळं केलं, फक्त बोलला नाही. फोन वाजूनही ऐकला नाही म्हणून लोक नानांना बोल लावत होते आणि नाना दोष आपल्याच कानांवर घेत जो भेटेल त्याला सांगत होते, “नासीरनं मशीन चांगलं शे. मनाच कान ग्यात.”

प्रत्येक वेळी नासीर खाली बघायचा. नोंदी पुसायला एक बोट पुरलं असतं. दोनदा ते बोट तिथवर गेलंही. आपण इतके हलकट आहोत, हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर त्यानं फोन नानांच्या हातात दिला. “नाना, अक्कांनी नऊ वेळा बोलावलं. माझ्या फोनवर आलं. मी झोपलो होतो, आवाज बंद होता.”

नानांनी चष्मा लावून एकेक वेळ वाचली. दोन दहा. दोन बारा. शेवटची दोन पंचवीस.

“तीन दिन मी मालेच शिव्या दी ऱ्हायनू, नासीर.”

नासीर रडला. नानांनी त्याला थोपटलं नाही. फोन तेवढा परत दिला.

“जोडेल शे ते पुसू नको. माले खरंच कमी आइकू येस. घर ऱ्हाशी तव्हय आवाज चालू ठेव.”

पुढच्या शुक्रवारी मशिदीतून बाहेर पडताच नासीरनं आधी फोनचा आवाज चालू केला. घरी येऊन तो भिंतीलगत बसला, आडवा झाला नाही. पलीकडची खाट रिकामी होती. अक्का अजून धुळ्यालाच होत्या.