श्रद्धांजलीचा रविवार

माझा धाकटा भाऊ सैन्यात आहे. आई आणि भावजय पलूसजवळच्या आमच्या गावात राहतात, मी सांगलीत शाळेत शिकवते. वडीलही सैन्यातच होते. त्यांचं पत्र पंधरा दिवसांनी यायचं. मधल्या दिवसांत आई शेतात जायची, रात्री आडवी झाली की झोपायची. काळजी होतीच, पण ती पोस्टमन येण्याच्या वेळेपुरती.

भावाचं तसं नाही. त्याची मुलगी पहिल्यांदा उभी राहिली, ते त्याने सीमेवरून मोबाईलवर पाहिलं आणि तिला पुन्हा एकदा उभी करायला सांगितलं. त्या दिवशी मला वाटलं, आईला असं काही मिळालं असतं तर.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी मी भाजी घेत होते. गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दरीत कोसळलेली सैन्याची गाडी, आणि खाली लिहिलेलं, 'आपल्या भागातला जवान.' नाव नव्हतं. मी भावाला फोन लावला, लागला नाही. मेसेज पाठवला, तो पोचला नाही. भाजी तिथेच ठेवून मी एसटी स्टँड गाठलं.

एसटीत बसल्यावर दर दोन मिनिटांनी मोबाईल बघत होते. तासगावच्या अलीकडे ग्रुपवर भावाचा वर्दीतला फोटो आला. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग एकामागून एक जोडलेले हात. मी मोजायला लागले. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं वं?" मी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. सांगितलं तर ते खरं होईल, असं वाटत होतं.

घरी पोचले तर अंगणात बायका बसलेल्या. आई भिंतीला टेकून, डोळे कोरडे. भावजय हळदीच्या शेतातून तशीच आली होती, पायाला माती.

तिने मला विचारलं, "वन्सं, कुनाचा फोन आलाय का? मिल्ट्रीच्या हापिसातनं?"

"न्हाई."

"मग ह्या बायकांनी रडायचं कशाला?" ती सरळ उठली आणि पलीकडच्या आळीतल्या निवृत्त सुभेदारांकडे गेली. मी तिच्या मागे.

सुभेदार म्हणाले, "पोरी, आशी बातमी मोबाईलवर येत न्हाई. आधी घरच्यांना कळवत्यात." मग त्यांनी ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो चौकशी करून सांगतो म्हणाला. दोन तास गेले. भावजय त्यांच्याच उंबऱ्यावर बसून पायाची माती नखाने काढत राहिली. मी ग्रुप बघणं थांबवू शकले नाही.

दुपारी उत्तर आलं. व्हिडिओ जुना होता, दुसऱ्याच ठिकाणचा. भावाच्या चौकीवर रेंज नव्हती, एवढंच. संध्याकाळ व्हायच्या आत त्याचा फोन आला. त्याने विचारलं, "आई, जेवलीस का?" तेव्हा आई रडली.

फोटो टाकणारा आमच्याच भावकीतला. घरी येऊन मान खाली घालून बसला. "दुसऱ्या ग्रुपवर आला व्हता, म्हून मीबी टाकला." भावजयीने त्याला चहा दिला. त्याच दिवशी तिने ग्रुप सोडला.

मी सोडला नाही. गावात नळाला पाणी कधी येणार तेही त्याच ग्रुपवर कळतं, आईला फोनवर सांगता येतं, हे माझं कारण. खरं कारण मलाच नीट माहीत नाही.

आता आई रोज सकाळी मला फोन करते. "आज आलावता का गं त्यो मोबाईलवर?" बऱ्याचदा आलेला असतो, त्याच्या नावाखाली वेळ दिसते. कधी दोन-दोन दिवस नसतो. तेव्हाही मी "व्हय, आलावता" म्हणते, फोन ठेवते आणि शाळेत पोचेपर्यंत स्क्रीनकडे बघत राहते.