बंपरची चार भोकं

आमच्या पांढऱ्या गाडीचा पुढचा बंपर जवळून पाहिला तर त्यावर चार डाग दिसतात. तीन चिंचोक्याएवढे आणि एक चांगला पुरीएवढा. रंगाच्या दुकानातून आणलेला पांढरा आणि गाडीचा पांढरा काही केल्या जुळले नाहीत. एक दुधाचा झाला, दुसरा ताकाचा. पाहुणे विचारतात, गाडी कुठं ठोकली? मी सांगते, कुठं नाही, घरच्या आंगणात मीच जाळली. मग ते हसतात आणि मी चहा ठेवते. खरं तर त्या डागांचे माझ्यावर फार उपकार आहेत. पण ते चहाच्या कपाबरोबर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवते.

ही गाडी आमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावात पावसाळाभर ती गोठ्याशेजारी उभी असायची, कारण तेव्हा माझा नवरा धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात असायचा. दिवाळी झाली आणि मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की गाडी आणि नवरा दोघंही घरी सापडायचे नाहीत. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या रात्री नाटक लागतं, आणि नाटक लागलं की ते गावोगाव सांगत फिरणारा माणूस लागतो. ते काम नवऱ्याचं. टपावर भोंगा, पुढे बंपरला स्क्रूने पिळलेला नाटकाचा बोर्ड, एक हात स्टेअरिंगवर आणि दुसऱ्यात माईक. "मायबाप रसिकहो, आज रात्री, फक्त तुमच्याच गावात!" हे वाक्य तो एका मोसमात सगळ्या तालुक्याला ऐकवायचा आणि प्रत्येक गावाला ते खरं वाटायचं. जयंतीच्या मिरवणुकीतही माईक त्याच्याच हातात. आवाज असा की तलावाच्या पाळीवर धुणं धुणाऱ्या बाया मला म्हणायच्या, "आला वं तुझा भोंगा."

मागच्या होळीनंतर त्याचा घसा बसला तो उठलाच नाही. आधी मध-हळद झाली, मग गोंदियाचे डॉक्टर झाले, शेवटी नागपूर. घशात गाठ होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा किती खाल्ला आणि कोणी कितीदा हटकलं, हे उगाळून आता काय मिळणार? ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि तिच्याबरोबर आवाजाच्या पडद्याचा एक तुकडाही गेला. घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. माणूस वाचला आहे. आवाज येईल, पण पहिल्यासारखा नाही. मात्र रोज बोललंच पाहिजे. बोलले नाहीत तर आहे तेवढाही हातचा जाईल.

आणि हा बोलेना. दवाखान्याच्या खाटेवर एकदा त्याने पाणी मागितलं होतं. सुपातून रेती ओतावी तसा आवाज आला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको मान वळवून बघायला लागली. नवऱ्याने ती बघताना पाहिली आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

घरी आल्यावर टाळ्या सुरू झाल्या. मला बोलवायचं तर टाळी, पाणी हवं तर टाळी, कोंबडी भाताच्या टोपलीत शिरली तरी टाळी. मी जात्याच फटकळ. आमच्या लग्नात सनईपेक्षा माझाच आवाज मोठा होता असं सासू म्हणायची. इतकी वर्षं मी ह्या माणसाशी रोज भांडले, मीठ कमी पडण्यापासून सरपंच कोणाला करावं इथपर्यंत, आणि आता समोर नुसती टाळी. भांडायला दोघं लागतात हो. मी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एक दिवस जेवण न वाढता बसून पाहिलं. त्याने स्वतः वाढून घेतलं आणि माझंही ताट केलं. अशा माणसापुढे काय करायचं? त्याला भीती कशाची होती ते मला कळत होतं. ज्या गावाने त्याला आवाजाने ओळखलं, त्या गावापुढे हा आवाज न्यायचा कसा? पण आतल्या आत माझी भीती वेगळी होती. न बोललेला एकेक दिवस आहे तेवढा आवाजही घेऊन चालला होता.

दिवाळी जवळ आली तसा नाटकवाल्यांचा माणूस आला. यंदाचा बोर्ड घेऊनच आला होता, नेहमीसारखा. नवऱ्याने गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. तो माणूस भला होता, चहा पिऊन गुपचूप गेला. त्याच्यामागे नवऱ्याने पेचकस घेतला, बंपरवरचा मागच्या मोसमाचा बोर्ड काढला आणि गोठ्यात उलटा टेकवला. बंपरवर राहिली चार भोकं, दोन इकडे, दोन तिकडे.

ओसरीवर त्याची खाट आणि समोर गाडीचं तोंड. रोज सकाळी तो उठून बसायचा आणि त्या भोकांकडे बघायचा. मी झाडता झाडता त्याच्याकडे बघायची. एक दिवस मला ते असह्य झालं. म्हटलं, आवाज मला देता येत नाही, पण ही भोकं तर बुजवता येतील.

माझं माहेर सालेकशाच्या जंगलाकडचं. तिकडे पळसाला लाख लागते, आणि माझ्या वडिलांच्या घरी लाखेने दुरुस्त होत नाही अशी वस्तू नव्हती. विळ्याची मूठ सुटली, लाख. सुरी हलायला लागली, लाख. पाण्याच्या गडव्याला चीर गेली, तरी लाखच. वितळवून भोकात सोडायची, वरून तापलेली सळई फिरवायची, की वस्तू जन्माची पक्की. मी लग्न होऊन आले तेव्हा शिध्याबरोबर लाखेचा डबाही आणला होता. त्या सकाळी लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाच्या कापणीसाठी मी विळ्यांच्या मुठी बसवत होते. चूल पेटलेली, लाख पातळ झालेली, सळई लाल. आयती तयारी होती. विळे झाले आणि माझी नजर बंपरवर गेली. भोक ते भोक, त्यात विळ्याचं काय आणि गाडीचं काय, असा मी विचार केला. विचार कसला, विचार केला असता तर पुढचं झालंच नसतं.

पहिल्या भोकात लाख सोडली आणि वरून सळई टेकवली. चर्र झालं, काळा धूर निघाला, जळक्या चपलेसारखी घाण सुटली आणि सळई सरळ आत गेली. चिंचोक्याएवढं भोक डोळ्यादेखत पुरीएवढं झालं. मला वाटलं, सळई जरा जास्तच तापली असेल. लाख कमी पडली असेल. मागे टाळी वाजली. मी म्हटलं वाजू दे, कोंबडी असेल. पुन्हा टाळी वाजली, जोरात. मी सळई चुलीत घालून परत लाल केली आणि दुसऱ्या भोकाकडे नेली.

"थांब! अवो, पिलास्टिक हाये ते!"

सळई माझ्या हातून खाली पडली. पदर जळता जळता वाचला. मी वळून पाहिलं तर नवरा खाटेवरून उठून ओसरीच्या पायरीवर उभा होता, हात पुढे केलेला, तोंड उघडं. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं काय झालं ते. आवाज खरखरीत होता, फाटलेला होता, अर्धा वारा आणि अर्धे शब्द. पण शिव्या घालताना माझ्यावर जो ओरडायचा तोच माणूस त्यात होता. मला इतका आनंद झाला की मी काही बोललेच नाही. मी, आणि बोलले नाही! बोलले असते तर तो लाजून परत आत गेला असता, एवढं तरी मला समजलं.

तोंड त्याने पुन्हा मिटलं खरं, पण खाटेवर परत बसला नाही. गाडीजवळ आला. मी केलेलं पुरीएवढं भोक बोटाने चाचपून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग मोबाईलमध्ये भोकाचा फोटो काढला, मोटारसायकल काढली आणि बाजाराला गेला. दुकानात फोटोच दाखवला असणार. परत आला तो पॉलिश पेपर, दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून करायची पुट्टी आणि रंगाचा फवारा घेऊन. जुन्या खिडकीची प्लास्टिकची डासजाळी घरातच होती. तिचे तुकडे कापून त्याने मला खुणेनेच सांगितलं: भोकाला मागून जाळी लावायची, समोरून पुट्टी दाबायची, म्हणजे पुट्टी आत पडत नाही.

आता मागून जाळी धरायची तर गाडीखाली शिरावं लागत होतं. त्याच्या मानेला टाके पडलेले, ती वाकत नव्हती. म्हणून बारदाना अंथरून मी शिरले. खालून बंपरच्या मागे हात घातला आणि जाळी चाचपडत भोकावर नेली. समोरून टाळी वाजली.

"टाळीनं काय समजू मी? इकडे का तिकडे?"

दोन टाळ्या वाजल्या.

"अजी, मले तुमचे हात नाही दिसून राहिले. पाय दिसून राहिले फक्त. पायानं सांगता का?"

मला त्याच्या चपला दिसत होत्या आणि माझा हात अवघडून मुंग्या यायला लागल्या होत्या. मी मुद्दाम काही करत नव्हते, हे शपथेवर सांगते. मला खरंच दिसत नव्हतं.

"डावीकडे," तो म्हणाला.

मी जाळी सरकवली.

"माह्या डावीकडे नाही वो. तुह्या."

"माझा डावा कोणता, मी उताणी पडली हाये!"

"जेवतेस त्या हाताकडे नाही, दुसऱ्या. हं. आनखी थोडी. आनखी. आता दाब. दाब ना, जीव नाही का हातात?"

बारदान्यावर पडल्या पडल्या मी हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. एक भोक झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला तो मला चांगलाच बोलला, कारण मी जाळी लवकर सोडली आणि पुट्टी आत गेली. पुरीएवढ्या भोकाला तर सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो बोलत राहिला. मध्येच धाप लागायची, आवाज निव्वळ वाऱ्यावर जायचा, मग थुंकी गिळून परत सुरू. मी मनात म्हणत होते, बरं झालं बाई तू हे भोक एवढं मोठं केलंस.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकींचा आवाज आला. काकी वयाने सासूच्या जोडीच्या, आणि गावात जे घडतं ते पहिल्यांदा त्यांच्या कानावर जातं, दुसऱ्यांदा सगळ्यांच्या.

"कावो बाई, कोन पाहुना आला तुमच्या घरी? कवाचा बोलून राहिला?"

त्याचं बोलणं तिथंच थांबलं. मी गाडीखाली. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, चपला तेवढ्या दिसत होत्या, आणि त्या घराच्या दिशेने वळल्या. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते, अगदी जिभेवर आलं होतं, पण कसं कोण जाणे, गप्प राहिले. चपला तिथंच उभ्या राहिल्या.

"पाहुना नाही, काकी," तो म्हणाला. "मीच हावो."

मग काकी म्हणाल्या, "तूच हायेस? मंग इतके दिवस मुका काऊन बसला होतास रे बाबू? मी तुले पोळ्यापासून जावयाचं सांगीन म्हनतो, तं तू टाळ्याच वाजवते."

"सांगा ना," नवरा म्हणाला. "काय केलं जावयानं?"

काकी कुंपणाशी आल्या आणि सांगायला लागल्या. नवरा मध्ये मध्ये विचारत होता, हो म्हणत होता, एकदा तर हसलाही. मी गाडीखाली जाळी दाबून तशीच पडून राहिले. पुट्टी कधीच वाळली होती.