सहा ग्लास नारंगी सरबत

जबलपुरात सरकारी शाळेत मास्तरीण असणं म्हणजे शिकवणं सोडून सगळं करणं. जनगणना झाली, मतदार याद्या झाल्या, आणि त्या वर्षी माझ्या वाट्याला जुलाब आले. टेकडीखालच्या वस्तीत नळाच्या पाइपात नाल्याचं पाणी शिरलं, घरोघरी लोक आजारी पडले, आणि साथ आटोक्यात आणायला मला एक तक्ता देऊन धाडलं. त्यात दोनच प्रश्न होते. ओआरएसचं पाकीट मिळालं का? पाकीट संपलं का?

सोबत वस्तीतल्या आरोग्यसेविका, आशा दीदी होत्या. आदल्या आठवड्यात घरटी दोन पाकिटं त्यांनीच वाटली होती. त्या दिवशी नेमका त्यांचा निर्जळी उपवास, त्यामुळे पाहुणचाराचा सगळा भार माझ्यावर पडला.

पहिल्याच घरी स्टीलच्या ग्लासात नारंगी सरबत आलं. मी नको म्हणाले, तर आशा दीदी कानाशी लागल्या, "ले लो मैडमजी, बुरा मान जाएँगे." घेतलं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. चव जरा खारट होती. आपणही पन्ह्यात मीठ घालतोच की, असं म्हणून मी ते संपवलं. मला तर भारी कौतुक वाटत होतं. घरात आजारपण, तरी या बायकांचा हात आखडत नाही! वर प्रत्येक घरचं पाकीट संपलेलं. मी 'हो, हो' लिहीत सुटले.

पाचव्या घराबाहेर नवऱ्याचा फोन आला. ते रेल्वेत आहेत, आणि काळजी करणं हा त्यांचा दुसरा धंदा.

"तिथलं पाणी पिऊन नाही राहिलीस न?"

"छे हो, पाणी काहून पिऊ? सरबत पिऊन राहिले!"

सहाव्या घरी खाटेवर चारेक वर्षांची मुलगी निजली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. आईने आधी माझ्या हातात ग्लास दिला, मग पदराने खुर्ची पुसली. दोन घोट घेऊन मी विचारलं, "इसे क्या हुआ?"

"रात से दस्त लगे हैं. कुछ रुकता ही नहीं."

"पैकेट घोलकर नहीं दिया?"

"घोला है न, मैडमजी. आपके हाथ में है."

मी ग्लास खाली ठेवला. दुसरं पाकीट कुठे गेलं, तर ते काल पाइप बघायला आलेल्या साहेबांनी प्यायलं. "इतनी अच्छी चीज घर में कौन पीता है? मेहमान के लिए रख देते हैं." पाणी उकळलं होतं का? उकळलं होतं, पाहुण्यांसाठी ती उकळायचीच. पोरीला मात्र चहा दिला होता.

आशा दीदींची पिशवी रिकामी होती. त्या गल्लीतलं उरलंसुरलं औषध खाटेशेजारच्या जगमध्ये होतं. मी चमचा मागितला आणि पोरीला पाजायला बसले. आई मेल्याहून मेली झाली. "पहले आप तो पी लीजिए," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मी तिच्यावर खेकसले. वर्गात खेकसते तशीच, पण राग खरं म्हणजे माझा मलाच आला होता. सहा घरांतल्या पोरांचं औषध मी गटागट पिऊन वर 'हो, हो' लिहिलं होतं. मग पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथे सलाइन लागलं. मला मात्र काहीही झालं नाही. झालं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

तक्त्यातले सगळे 'हो' मी खोडले. शेऱ्यात लिहिलं, 'पाकिटं सर्वेक्षण करणाऱ्या बाईंनी प्यायली.' वरच्या साहेबांनी बोलावलं. "मैडम, ऐसा कौन लिखता है? पैकेट खत्म, मतलब बीमारी काबू में." मी खोडलेलं तसंच ठेवलं आणि त्यांच्या टेबलासमोरून हलले नाही. कटकट जावी म्हणून त्यांनी शेवटी नवी पाकिटं दिली. या खेपेला आम्ही ती प्रत्येक घरी स्वतः उकळलेल्या पाण्यात कालवून, आजाऱ्याच्या तोंडाला लावूनच पुढे गेलो.

मुलगी चौथ्या दिवशी घरी आली. मी गेले तेव्हा उंबऱ्यावर बसून ग्लासातलं नारंगी पाणी पीत होती. मला बघितलं मात्र, तिने ग्लास झटकन पाठीमागे लपवला.