काचेच्या पेटीतला वीर

जपानात आमच्या शेजारीणबाई दर मे महिन्यात काचेच्या पेटीतला योद्धा दर्शनी खोलीत मांडतात. मुलगा जन्मला तेव्हा आणलेला हा वीतभर बाहुला. अंगात चिलखत, हात तलवारीच्या मुठीवर. मुलगा केव्हाच परदेशी गेला.

"आता एखाद्या बाळाला देऊन टाका ना," मी म्हटलं.

"यानं माझ्या मुलाची इडापिडा अंगावर घेतलीय. ती घेऊन दुसऱ्याच्या घरी कसा पाठवू?"

एवढा शूर वीर, पण त्याला ना लढाई, ना सुटका. मला आई आठवली. आमच्या दुखण्यांपायी ती माहेरीसुद्धा कधी राहिली नाही.

"मुलगा कसा आहे?" मी विचारलं.

"अगदी सुखरूप," म्हणत त्यांनी पेटीचं दार लावलं.