उमरावभाऊंचा हात

आमच्या गावचा तलाव उमराव कापगत्यांच्या पूर्वजांनी बांधला. दर उन्हाळ्यात उमरावभाऊ आजही त्याच्या पाळीवर टोपलीनं माती टाकतात, बांध खचू नये म्हणून.

परवा गोंदियाहून साहेब आले. शहर इकडे वाढून राहिलं, तर हलकी रेल्वे, ट्राम की बससाठी वेगळा रस्ता, हे म्हणे गावानं निवडायचं. इथं एसटी धड येत नाही, अन् म्हणे निवडा!

"साहेब, या गाड्या जातीन कोठून?" उमरावभाऊंनी विचारलं.

"तिन्ही तलावाच्या पाळीवरूनच."

साहेबांनी हात वर करायला सांगून मतं मोजली. रेल्वेला जेवढे हात, ट्रामलाही तेवढेच, बसलाही तेवढेच. बसचे हात खाली यायच्या आत उमरावभाऊंनी हात वर केला; 'पाळ सोडून दुसरीकडून न्या' एवढं बोलू द्या म्हणून.

साहेबांनी तो मोजला. बस एका हातानं जिंकली.