चिलगोज्यांच्या रानातला माणूस

देवापुढे दिवा लावताना मला अजूनही एका पठाणाची आठवण होते. हिवाळ्यात तो गिरगावात चिलगोजे विकायला यायचा, डोंगरी झाडाची ती लांबट, तेलकट बी. आवाज असा, की हाक दिली की कौलांवरची कबुतरं उडायची. टोपलीला कुणी हात लावलेला खपत नसे. आणि टेकला की त्याच्या रानाच्या गोष्टी सुरू!

"हमारा डोंगर सुका, माई. पानी कम. लेकिन चिलगोजा अन् बलूत, दोन झाड जवळ जवळ राहते. बलूत छाया देते, तब चिलगोजाचा बच्चा जगते. बलूत कोणी तोडला, तर सारा गाव भांडते."

मी म्हणायची, "झाडं पुरे रे बाबा, माप नीट भर!"

गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या साली सून इस्पितळात, शेजारी गावी पळालेले, आणि घरात दहा दिवसांचा नातू दुधावाचून रडत होता. बकरीचं दूध पोटात ठरेना. पठाण खाली रस्त्यावर आला, तर मी खिडकीतूनच म्हटलं, "आज नको रे, पोर उपाशी आहे."

टोपली रस्त्यातच टाकून तो गेला, आणि बाजारात त्याच्या शेजारी बसणाऱ्या एका लेकुरवाळ्या कोळणीला घेऊन आला.

ती म्हणाली, "बघतेस काय गो बाय, दे पोराला माझ्या पदराखाली!"

महिनाभर तो तिला रोज पोचवायचा आणि जिन्याखाली थांबायचा. तेवढ्या वेळात त्याने एकदाही हाक दिली नाही. पोर दचकून दूध सोडेल म्हणून.